आपला माल, आपला काटा

येत्या बाजारच्या दिवशी तालुक्याच्या गावी गेलात तर एक गोष्ट करा. टोमॅटोचा ढीग लावून बसलेल्या एखाद्या विक्रेत्याला सहज विचारा, "माल कुठला हो?" पुष्कळदा उत्तर मिळेल, "मार्केटचा." म्हणजे जिल्ह्याच्या नाहीतर पुण्या-नाशिकच्या घाऊक बाजारातून पहाटे आणलेला. टोमॅटो त्याच तालुक्याच्या शिवारातही असतो. तो संध्याकाळी टेम्पोत चढतो, रात्री शहरात उतरतो, पहाटे त्याचा लिलाव होतो आणि त्यातल्याच काही जाळ्या दुसऱ्या टेम्पोत बसून पुन्हा तालुक्याला येतात. दोन वेळची हमाली, दोन वेळचे भाडे आणि मधली अडत एवढे सगळे डोक्यावर घेऊन आपल्याच शेतातला टोमॅटो आपल्याच शाळामास्तरांच्या घरी पोचतो. मास्तरांना तो महाग पडतो आणि तुम्हाला त्याचे पैसे कमी मिळतात.

यावर सभेत नेहमी एकच उपाय सांगितला जातो: मधला दलाल काढा आणि माल थेट ग्राहकाला विका. टाळ्या पडतात. मी शेती खात्यात नोकरीला लागल्यापासून हे वाक्य शेकडो वेळा ऐकले आहे. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे असे, की दलालाला काढले तरी त्याचे काम शिल्लक राहते. तो माल उतरवून घेतो, निवडतो, गिऱ्हाईक शोधतो, उधारी सांभाळतो, सडलेला माल टाकतो आणि पहाटे तीनला उठतो. त्याचा वाटा आपल्याला हवा असेल तर ही कामे आपल्यालाच करावी लागतात. ती एकट्याने करायची की दहा-बारा घरांनी मिळून करायची, यावरच नफा की तोटा हे ठरते. आजचा लेख त्यासाठीच आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण बाजार समित्यांना उठसूट शिव्या देण्याची फॅशन झाली आहे. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्या आधी व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत आणि शेतकरी बिचारा तोंडाकडे बघत बसे. मापात कडता, भावात बट्टा, वर धर्मादाय अशी लूट चाले. उघडा लिलाव, तपासलेला काटा आणि हातात लेखी पट्टी या गोष्टी बाजार समितीमुळेच आल्या. आपल्या राज्याचा बाजार समिती कायदा १९६३ चा. पुढे त्याच समित्यांच्या आवारात गाळेवाल्यांची मक्तेदारी झाली हेही खरे. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे आणि भाजीपाला नियमनातून मोकळा केला आणि त्यांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. तेव्हापासून आपला भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर कोणालाही विकायला कायद्याची आडकाठी राहिली नाही. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराची मोहीम सुरू झाली आणि पुण्या-मुंबईत मैदानांवर, सोसायट्यांच्या आवारात असे बाजार भरू लागले. दार उघडे झाले, पण उघड्या दारातून जायचे कसे हे मात्र कायद्यात लिहिलेले नसते.

हिशेब मांडून बघू

आता वही-पेन्सिल घ्या. पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमच्या भागातले भाव, भाडे आणि मजुरी घालून तुम्ही ते बदला. मांडणी हीच ठेवा.

समजा, सरासरी भाजीला घाऊक भाव किलोला १८ रुपये आहे. भाडे, हमाली, तोलाई, बारदान वजा जाता तुमच्या हातात १५ रुपये येतात. शहरात तीच भाजी ग्राहक ३० रुपयांनी घेतो. सभेतला वक्ता इथेच थांबतो आणि म्हणतो, बघा, दुप्पट!

एक शेतकरी ६० किलो माल घेऊन एकटा रविवारच्या बाजाराला गेला. दिवसभरात ५० किलो ३० रुपयांनी खपला, त्याचे १,५०० झाले. शेवटी उरलेला ६ किलो १५ रुपयांनी काढला, त्याचे ९०. बाकी ४ किलो सुकला, चेंगरला. एकूण १,५९०. जाण्या-येण्याचे आणि मालाचे भाडे ३००, जागेचे १००, पिशव्या ३०, आणि त्याच्या एका दिवसाची मजुरी ५००. मजुरी धरायचीच, कारण त्या दिवशी शेतातल्या कामाला दुसरा माणूस लावावा लागला. खर्च ९३० झाला. उरले ६६०, म्हणजे किलोला ११ रुपये. अडत्याकडे घरबसल्या १५ मिळत होते! दोन-तीन बाजार करून असा माणूस कंटाळतो आणि म्हणतो, थेट विक्री ही बोलाची कढी आहे. त्याच्या पुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे.

आता बारा घरांनी मिळून ४०० किलो माल एका टेम्पोतून नेला. ३४० किलो ३० रुपयांनी गेला, त्याचे १०,२००. शेवटी ४० किलो १५ रुपयांनी, त्याचे ६००. २० किलो वाया. एकूण १०,८००. टेम्पो १,८००, जागा ३००, विकायला गेलेल्या दोघांची मजुरी १,०००, पिशव्या वगैरे २००, असा खर्च ३,३००. उरले ७,५००. किलोला पावणेएकोणीस रुपये पडले. अडत्याकडून ६,००० आले असते, म्हणजे १,५०० जास्त. बारा घरांत वाटले तर घरटी १२५ रुपये. हे ऐकून तुमचे तोंड उतरेल, पण थांबा.

त्याच टेम्पोत ८०० किलो माल भरला तर? भाडे तेच १,८००. दोन ठिकाणी गाळे मांडले तर जागेचे ६००, चार माणसांची मजुरी २,०००, पिशव्या ४००. खर्च ४,८००. विक्री २१,६००. उरले १६,८००, म्हणजे किलोला २१ रुपये. अडत्यापेक्षा ४,८०० जास्त, घरटी ४००, दर बाजाराला.

सारी मेख या टेम्पोच्या भरण्यात आहे. अर्धा रिकामा टेम्पो नफा खातो, आणि एकट्या शेतकऱ्याचा टेम्पो कधीच भरत नाही. भरला तरी तो एकाच भाजीने भरतो. ८०० किलो वांगी घेऊन एका मैदानात बसलात तर ग्राहक दोन किलो घेईल आणि बाकीची भाजी घ्यायला दुसरीकडे जाईल. ग्राहकाला पिशवी भरायची असते.

पिशवी भरेल असे पीक

इथे माझ्या खात्याचे काम येते, म्हणून थोडा रेंगाळतो.

शहरातली बाई बाजारात येते तेव्हा तिच्या मनात आठवड्याचा स्वयंपाक असतो. तिला कांदा-बटाटा-टोमॅटो हवाच, दोन पालेभाज्या, तीन फळभाज्या, मिरची, आले, लिंबू आणि कोथिंबीर. यातली कोथिंबीर नसली तर ती पुढच्या रविवारी येत नाही. दहा रुपयांच्या जुडीसाठी तीनशे रुपयांचे गिऱ्हाईक जाते. म्हणून गटाने पेरणी बाजाराच्या दिवसावरून उलटी मोजत करावी.

मेथी पेरणीपासून २५ ते ३० दिवसांत काढणीला येते, पालक ३० ते ३५ दिवसांत, कोथिंबीर ३५ ते ४५ दिवसांत, मुळा ४० ते ४५ दिवसांत. भेंडीचा पहिला तोडा ४५ ते ५० दिवसांनी मिळतो, काकडीचा साधारण तेवढ्याच काळात. टोमॅटो लावणीनंतर ६० ते ७० दिवस घेतो. जाती आणि हवामानाप्रमाणे चार-आठ दिवस इकडे-तिकडे होतात. आता भिंतीवरचे कॅलेंडर घ्या आणि प्रत्येक रविवारी लाल खूण करा. दर रविवारी कोथिंबीर हवी असेल तर दर आठवड्याला कोणाच्या तरी वाफ्यात धने पडले पाहिजेत. एकाच घराने दर आठवड्याला पेरायचे म्हटले तर ते थकते. सहा घरांनी पाळी लावली तर प्रत्येकाची पाळी दीड महिन्यांनी येते, आणि तेवढ्यात त्याची आधीची काढणी होऊन वाफा मोकळा झालेला असतो. एक-दोन गुंठ्यांत भागते. एकराची गरज नाही.

उन्हाळ्यात कोथिंबीर दगा देते आणि नेमका तेव्हाच भाव असतो. धने फोडून दोन डाळिंब्या वेगळ्या करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. वाफ्यावर शेडनेट नसेल तर मक्याच्या किंवा शेवग्याच्या ओळींच्या सावलीत पेरा आणि पाणी थोडे थोडे पण वेळेवर द्या. पावसाळ्यात उलट आहे, पाणी साचले की मर लागते, म्हणून गादीवाफ्याशिवाय पालेभाजीच्या वाटेला जाऊ नका.

काढणी हाही भाव ठरवणारा भाग आहे. पालेभाजी आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर काढावी, मुळांची माती झटकावी, जुड्या उभ्या लावून वर ओले गोणपाट टाकावे. भेंडी, गवार धुऊ नका, काळी पडते. टोमॅटो नुसता लाल बघून तोडू नका. थोडा हिरवट-केशरी, थोडा पिकलेला असा मिसळून न्या, कारण ग्राहकाला आजचाही हवा असतो आणि गुरुवारचाही. नाल्याच्या पाण्यात भाजी धुणारा माणूस गटात असेल तर त्याला समजावून सांगा. ऐकत नसेल तर त्याचा माल घेऊ नका.

फवारणीबद्दल स्पष्ट बोलतो. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेले असते. शहराच्या लिलावात माल कोणाचा हे कोणाला कळत नाही, तिथे हे दिवस मोडले जातात आणि कोणी विचारत नाही. थेट विक्रीत तुमचा चेहरा ग्राहकासमोर असतो आणि तो पुढच्या रविवारी पुन्हा येणार असतो. तेव्हा ज्या वाफ्यात औषध मारले त्याची तारीख गटाच्या वहीत लिहा आणि दिवस पुरे झाल्याशिवाय त्यातले पान तोडू नका. आणि रासायनिक खत-औषध वापरत असाल तर गाळ्यावर 'सेंद्रिय', 'विषमुक्त' अशी पाटी लावू नका. ताजी भाजी ही पाटी पुरेशी आहे.

प्रतवारीचे भांडण

आपल्या राज्याला सहकार शिकवायला नको. १९५० साली प्रवरानगरचा साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला. शेजारच्या गुजरातमध्ये खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ चा. ऊस आणि दूध यांत सहकार रुजला, मग भाजीपाल्यात तो का रुजत नाही? कोणी म्हणेल नेते नाहीत, कोणी म्हणेल भांडवल नाही. मला विचाराल तर मूळ कारण साधे आहे. दुधाला फॅट मोजायचे यंत्र आहे. यंत्राने आकडा दाखवला की वाद संपला. उसाला वजनकाटा आहे. वांग्याला मात्र यंत्र नाही. माझे वांगे पहिल्या प्रतीचे आणि तुझे दुसऱ्या, हे कोणी ठरवायचे? इथे चुलत भावाचा चुलत भावाशी अबोला होतो आणि गट मोडतो.

यावर काम देणारी पद्धत अशी. प्रत पिकाआधी ठरवा, माल आल्यावर नव्हे. हंगामाच्या सुरुवातीलाच गटाने बसून लिहून काढावे: पहिल्या प्रतीचे वांगे केवढे, कीड किती चालेल, देठ कसा. नमुना ताटात ठेवून सगळ्यांना दाखवावा. माल निवडायला रोज दोन माणसे नेमावीत, आणि ज्याचा माल त्या दिवशी काट्यावर आहे त्याने निवडायला बसू नये. टेम्पो भरायच्या आधी प्रत्येकाच्या मालाचे वजन आणि प्रत वहीत लिहून त्याची सही घ्यावी. दुसऱ्या प्रतीचा माल फेकायचा नाही; तो खानावळीला, वसतिगृहाला, वडापाववाल्याला चालतो, पण पहिल्या प्रतीच्या ढिगात मिसळला तर सगळ्या ढिगाचा भाव उतरतो.

दुसरे दुखणे याहून मोठे आहे. २०२३ सालचा टोमॅटो आठवा. मे महिन्यात नाशिककडे शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला आणि जुलैत तोच शहरात किरकोळीने शंभराच्या वर गेला. असा भाव चढला की गटातला माणूस चांगला माल गुपचूप बाजार समितीत पाठवतो आणि गटाच्या टेम्पोत उरलासुरला टाकतो. भाव पडला की मग सगळा माल गटाच्या दारात आणून ओततो. ग्राहकाला चढत्या भावात रिकामा गाळा दिसतो आणि पडत्या भावात तेच टोमॅटो चार ढिगांत. असे दोनदा झाले की तो कायमचा दुसरीकडे जातो.

म्हणून नियम हवा: प्रत्येक घराने दर बाजाराला ठरलेला वाटा दिलाच पाहिजे, बाहेर भाव काहीही असो. ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त पिकेल ते कोणालाही विकायला तो मोकळा. म्हणजे सगळी शेती गटाला बांधली जात नाही, आणि गाळाही रिकामा राहत नाही. माझे मत विचाराल तर आपल्या भाजीपाल्याचा तिसरा हिस्सा गटाला द्यावा आणि बाकी नेहमीच्या वाटेने जाऊ द्यावा. अडत्याशी एका रात्रीत नाते तोडणाऱ्याला हंगामाच्या मध्यात पुन्हा त्याच्याच दारात उभे राहावे लागते. त्याची उचल अंगावर असेल तर आधी ती फेडा.

दुसऱ्यांनी काय केले

बंगलोरच्या द्राक्ष बागायतदारांनी १९५९ साली डॉ. मरीगौडा यांच्या पुढाकाराने एक सहकारी संस्था काढली. सुरुवात फक्त द्राक्षांच्या विक्रीची. पुढे तिने सगळी फळे आणि भाज्या घेतल्या आणि 'हॉपकॉम्स' या नावाने शहरभर लहान लहान विक्रीकेंद्रे टाकली. लालबागला तिचे मुख्य ठाणे. शेतकरी संस्थेच्या काट्यावर माल देतो, संस्था तो आपल्या दुकानांतून विकते. विक्री शेतकऱ्याला स्वतः करावी लागत नाही हा त्यातला विशेष.

पंजाबने १९८७ मध्ये 'अपनी मंडी' सुरू केली. आंध्रात १९९९ साली 'रयतू बाजार' आले आणि त्याच वर्षी तामिळनाडूत मदुराईपासून 'उळवर संदै' म्हणजे शेतकऱ्यांचे बाजार निघाले. तिथे शेतकऱ्याला फोटोचे ओळखपत्र देतात, म्हणजे व्यापारी शेतकरी बनून गाळ्यावर बसू शकत नाही. भाव सकाळी फळ्यावर लिहितात. तो घाऊकपेक्षा वर आणि किरकोळपेक्षा खाली असतो. पण २००१ मध्ये तिथले सरकार बदलले, पाठबळ आटले आणि कित्येक बाजार ओस पडले. २००६ नंतर त्यांना पुन्हा चालना मिळाली. सरकारी जागा आणि सवलत मिळाली तर जरूर घ्या. मात्र ती उद्या गेली तरी आपला गाळा चालेल का, हे आजच विचारून ठेवा.

ग्राहकांच्या बाजूने पाहायचे तर मुंबई ग्राहक पंचायतीचे उदाहरण आपल्या घरचे आहे. १९७५ पासून ही संस्था शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करते. घराघरांतून महिन्याच्या वाणसामानाची मागणी आधी गोळा होते, माल एकदम खरेदी होतो आणि संघात वाटला जातो. दुकान नाही, गल्ला नाही. भाजीला हीच रीत लावून बघा. सोसायटीतल्या चाळीस घरांनी गुरुवारी मागणी कळवली, शुक्रवारी सायंकाळी तेवढाच माल काढला आणि शनिवारी सकाळी दारात पोचवला, तर उरणे-सुकणे जवळजवळ बंद होते. वरच्या हिशेबातला १५ रुपयांनी काढायचा माल आणि वाया जाणारा माल, दोन्ही वाचतात. आता मोबाइलमुळे मागणी गोळा करणे आणि पैसे घेणे सोपे झाले आहे. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी गावांतल्या तरुणांनी असेच काम केले, शहरवाल्यांनी त्यांना दुवा दिल्या. बाजार उघडल्यावर त्यातली बरीच साखळी तुटली. टाळेबंदीत ग्राहक मिळेल ते घेत होता. नंतर त्याला पुन्हा पिशवीभर भाजी हवी झाली, आणि आपल्याकडे त्या आठवड्यात फक्त कोबी होता.

घरातल्या बायकांचे काम

आठवडी बाजारात धान्याच्या पोत्याजवळ पुरुष बसतो आणि भाजीच्या पाटीजवळ बाई, हे तुम्ही आम्ही लहानपणापासून पाहतो. गिऱ्हाईक ओळखणे, मूठभर मिरची वर टाकणे, नेहमीच्या बाईसाठी शेपूची जुडी बाजूला ठेवणे हे तिला शिकवावे लागत नाही. तरी गटाची बैठक भरली की ओट्यावर सगळे पुरुष! विक्रीला जाणाऱ्यांत निम्म्या तरी बाया असाव्यात, त्यांची मजुरी त्यांच्या हातात पडावी आणि गटाच्या खात्यावर सह्या करणाऱ्यांत एक बाई असावी. गावात महिलांचा बचत गट असेल तर त्याच्याकडे हिशेबाची शिस्त आधीच आलेली असते. ती वापरा. लोणची, पापड, मसाला गाळ्यावर ठेवायचा झाला तर मात्र अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. स्वतःच्या शेतातला ताजा भाजीपाला ही गोष्ट वेगळी, तयार पदार्थ वेगळा.

सुरुवात करताना

लगेच संस्था नोंदवायला धावू नका. आधी एक हंगाम साधा गट म्हणून विका. गटाची नोंद 'आत्मा'कडे करता येते. कोण माल वेळेवर देतो आणि कोण टाळतो हे एका हंगामात कळते. मग सहकारी संस्था करा किंवा उत्पादक कंपनी. राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखाली किमान दहा जण लागतात, तेही वेगवेगळ्या कुटुंबांतले. उत्पादक कंपनीची तरतूद कायद्यात २००२ साली आली. तिलाही किमान दहा उत्पादक लागतात आणि शेअर कितीही असले तरी शेतकरी सभासदाला मत एकच. कागदपत्रे, लेखापरीक्षण आणि सल्लागाराची फी दोन्हीकडे आहे, म्हणून वर्षाची उलाढाल तो बोजा पेलेल एवढी झाल्यावरच ही पायरी चढा.

पहिला बाजार पुण्या-मुंबईत नको, तालुक्यात करा. आश्रमशाळा, वसतिगृह, ग्रामीण रुग्णालयातली कर्मचारी-वसाहत, महामार्गावरचे ढाबे, कारखान्याची कॉलनी, ही गिऱ्हाइके दहा-पंधरा किलोमीटरच्या आत असतात आणि रोज खातात. मात्र वसतिगृहांचे आणि शाळांचे बिल उशिरा निघते. सुरुवातीलाच किती दिवसांची उधारी पेलवेल ते ठरवा, आणि सभासदाचे पैसे मात्र आठवड्याच्या आत द्या. अडत्याकडे पट्टीचे पैसे लवकर मिळत असतील आणि गटाकडे महिन्याने, तर सभासद अडत्याकडे जाणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. यासाठी थोडे खेळते भांडवल आधी जमवावे. घरटी हजार-दोन हजार रुपये आणि पहिले काही बाजार दर किलोमागे एक रुपया बाजूला काढला तरी सुरुवात होते.

काटा वैधमापन खात्याकडून तपासून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते, आणि प्रमाणपत्र गाळ्यावर दिसेल असे लावा. भाव पाटीवर लिहा, गटातल्या दोन गाळ्यांवर दोन भाव नकोत. उरलेल्या मालाचे काय करायचे हे निघण्यापूर्वीच ठरवा: शेवटचा एक तास भाव उतरवायचा की खानावळीशी आधीच बोलून ठेवायचे. टेम्पोवाल्याशी हंगामाचा सौदा करा, फेरीचा नव्हे.

वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. पाच रकाने पुरतात: नाव, माल व वजन, प्रत, विक्री, देणे. वाया गेलेला माल वेगळा लिहा आणि तो सगळ्यांत वजनाच्या प्रमाणात वाटा, नाहीतर ज्याचा माल शेवटी ढिगात खाली राहिला तोच दर वेळी बुडतो. सोमवारी संध्याकाळी हिशेब देवळाच्या ओट्यावर मोठ्याने वाचा. ज्या आठवड्यात तोटा आला त्या आठवड्यात तर न चुकता वाचा.

हे वाचून गट करायचा विचार झाला तर आपल्या भागातल्या कृषी खात्याच्या माणसाला बैठकीला बोलवा. पेरणीचे वेळापत्रक तो बसून लावून देईल. बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या विहिरीला मे महिन्यात पाणी किती असते ते खरे खरे सांगायचे, कारण उन्हाळ्यातली पाळी कोणाला द्यायची हे त्यावरच ठरणार आहे.